आगगाडी आणि आपला बाजार



कोकण रेल्वेने आपले भले केले की वाटोळे, यावर आपल्या तुकडीत सरळ दोन तट आहेत. मुंबईकर मंडळी म्हणतात, रेल्वे नसती तर गावाशी संबंधच तुटला असता. चिपळुणात आणि आसपासच्या वाड्यांत राहणारी मंडळी म्हणतात, रेल्वे आली आणि उरलीसुरली पोरेही तिच्यात बसून गेली. स्नेहमेळाव्याच्या तयारीच्या प्रत्येक बैठकीत हा वाद निघतो आणि चहा आला की अर्धवट सुटतो. संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा मी ठरवले की शाळेच्या आठवणी बाकीचे लिहितीलच, आपण हा वाद जरा तारखा आणि आकडे घेऊन तपासून पाहावा.

मी इतिहासाचा अभ्यासक नाही. उभी नोकरी बँकेत आणि त्यातली बरीचशी कोकणातल्या शाखांत गेली. पण इतिहासाच्या बाईंनी लावलेली एक सवय टिकून आहे. "काय झालं ते सांगण्याआधी, त्याच्याआधी काय होतं ते सांग," असे त्या म्हणत. त्याच क्रमाने जातो.

रूळ न पडता बसलेला फटका

चिपळूणचा आणि रेल्वेचा संबंध १९९० च्या दशकात आला असे आपण धरून चालतो. खरे तर तो त्याच्या शंभर वर्षे आधी आला, आणि तोही चिपळुणात एक रूळ न पडता.

भूगोलाचे सर फळ्यावर काढायचे तो नकाशा आठवा. वाशिष्ठी दाभोळच्या खाडीला मिळते. भरतीच्या पाण्यावर होड्या आणि पडाव गोवळकोटच्या धक्क्यापर्यंत येत. उलट दिशेला कुंभार्ली घाट चढला की हेळवाक, पाटण आणि पुढे कराड. म्हणजे देशावरचा माल समुद्रापर्यंत उतरवायची ही एक सोयीची वाट होती. घाटातून गाडीरस्ता झाल्यावर बैलगाड्यांच्या रांगा कापूस, गूळ, धान्य घेऊन चिपळुणात येऊ लागल्या. इथून तो माल खाडीने दाभोळला आणि तिथून मुंबईला जाई. परतीच्या गाड्यांत मीठ, नारळ, सुकी मासळी आणि मुंबईहून आलेले जिन्नस चढत. १८८० साली निघालेल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या इंग्रजी गॅझेटियरात चिपळूण दिसते ते असे, घाट आणि खाडी यांच्या मधले गजबजलेले व्यापारी गाव.

या व्यापारावर किती जणांची चूल पेटत असेल याचा विचार करा. गाडीवान, हमाल, वखारवाले, दलाल, तांडेल, बैलांना नाल मारणारे, गाड्यांची चाके दुरुस्त करणारे, मुक्कामाला जेवू घालणारे. यातल्या कोणाच्याही शेतात कापूस पिकत नव्हता. कापूस देशावरचा, गिरणी मुंबईची. चिपळूण मध्ये होते म्हणून चिपळूणला पैसा मिळत होता.

मग सदर्न मराठा रेल्वेचे रूळ पुण्याहून कराड, मिरज, बेळगाव असे घाटमाथ्यापलीकडून दक्षिणेकडे पडले. १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात या मार्गाचे टप्पे सुरू झाले आणि १८९० च्या सुमारास तो सलग झाला. कराडच्या व्यापाऱ्याला आता घाट उतरायचे कारण उरले नाही. कोकणातली बंदरे पावसाळ्यात बंद, रेल्वे मात्र बारमाही. माल बैलगाडीतून होडीत, होडीतून गलबतात असा तीनदा हाताळायचा, त्यापेक्षा एकदा डब्यात भरला की काम झाले. बैलगाड्यांच्या रांगा विरळ होत गेल्या.

वेंगुर्ल्याचीही तीच गत झाली. बेळगावकडचा माल घाटाने वेंगुर्ला बंदरात उतरे. मुरगाव बंदरापासून घाट चढून कॅसलरॉककडे जाणारी रेल्वे त्याच दशकाच्या अखेरीस सुरू झाली आणि तो माल गोव्याकडे वळला. रत्नागिरी जिल्ह्याच्या बंदरांचा देशावरच्या मालाचा व्यापार असा एका पिढीत उतरला.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात असे मला वाटते. एक, रेल्वे जिथून जात नाही तिथेही ती बाजार हलवते. दुसरी, जो बाजार फक्त वाटेवर आहे म्हणून चालतो, तो वाट बदलली की बसतो. वाद रेल्वेचा असला तरी खरा मुद्दा हा दुसरा आहे, आणि पुढे तो पुन्हा येणार आहे.

मनिऑर्डरीची शंभर वर्षे

माल यायचा कमी झाला तरी माणसे जायची थांबली नाहीत. मुंबईत १८५० च्या दशकात कापडगिरण्या सुरू झाल्या आणि रत्नागिरी जिल्हा त्यांना माणसे पुरवणारा मोठा जिल्हा बनला. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही होता, तो १९८१ साली वेगळा झाला. माणूस आगबोटीने मुंबईला जाई, लालबाग-परळच्या खोलीत दहा-बारा जणांत राही आणि दरमहा पैसे धाडी. टपाल खात्याने मनिऑर्डर सुरू केली तीही १८८० सालीच. गॅझेटियर निघाले त्याच वर्षी. पुढची शंभर वर्षे आपला जिल्हा या मनिऑर्डरीवर चालला असे म्हटले तर फारसे वावगे होणार नाही. घरी म्हातारी माणसे, बायका, मुले आणि पोटापुरती भातशेती. मीठमिरचीपासून फीपर्यंत सगळे पोस्टमन आणून देणार.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आपण आठवीत होतो. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. वर्गात त्या वर्षी मुंबईच्या शाळांतून दाखले घेऊन आलेली मुले अचानक वाढली होती, आठवते ना? त्यांची मराठी थोडी वेगळी म्हणून आपण त्यांना चिडवत असू. त्यांचे वडील दुपारी पारावर का बसलेले असतात, हे तेव्हा आपल्याला कळत नव्हते. पुढच्या वर्षी त्यांतली काही नावे हजेरीपटावरून गेली. आपल्या गावातलीही काही गेली. कोणी हॉटेलात लागला, कोणी मामाबरोबर सेंटरिंगच्या कामाला. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. बऱ्याच गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्या नाहीत आणि बऱ्याच जणांची मनिऑर्डर कायमची थांबली.

हे लक्षात ठेवले तरच पुढच्या दशकात रेल्वेकडून आपल्या आईवडिलांनी एवढी आशा का धरली ते समजते. आगबोट बंद पडत आली होती. गिरणी गेली होती. उरली होती ती एसटीची रातराणी, कशेडी घाटातली उलटी आणि 'रेल्वे आली की कारखाने येतील' हे सभासभांतून ऐकलेले वाक्य.

रूळ आले

कोकणात रेल्वे हवी ही मागणी जुनी. अ. ब. वालावलकर यांनी तिचा ध्यास घेतला आणि मार्गाच्या पाहणीसाठी कोकण पायी तुडवले. बॅरिस्टर नाथ पै यांनी ती संसदेत लावून धरली आणि त्यांच्यानंतर राजापूर मतदारसंघातून निवडून आलेले मधू दंडवते यांनी पुढे नेली. १९८६ साली गाडी रोह्यापर्यंत आली. १९८९ च्या अखेरीस सरकार बदलले. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री झाले, आणि १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ यांचा प्रत्येकी ६. बाकीचा पैसा मुख्यतः रोख्यांतून उभा करायचा. ई. श्रीधरन प्रमुख झाले आणि १५ सप्टेंबरला रोह्याला पायाभरणी झाली.

१९९३ साली गाडी वीरला आली, १९९५ साली खेडला, आणि १९९६ च्या अखेरीस चिपळूण, रत्नागिरी ओलांडून सावंतवाडीला. २६ जानेवारी १९९८ ला रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. नव्वदच्या वर बोगदे, त्यांत रत्नागिरीजवळचा करबुडे साडेसहा किलोमीटरचा. पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच. या कामात जीव गमावलेल्या मजुरांचे स्मारक रत्नागिरीला आहे. तिथे उतरणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा पाहावे.

बांधकामाची ती सात-आठ वर्षे आपल्या भागात पैसा खेळला हे खरे. जमिनीचा मोबदला आला. चाळीस हजारांवर खातेदारांच्या जमिनी या मार्गासाठी गेल्या. सातबारावर पंधरा-वीस नावे असल्यामुळे वाटणी होता होता हाती येणारी रक्कम पुष्कळदा लहान असे. कोणी त्यातून चिऱ्याचे घर बांधले, कोणी मुलीचे लग्न केले. ज्यांची जमीन गेली त्यांच्या घरातल्या काही मुलांना रेल्वेत नोकरी लागली. आपल्या वर्गातला एक जण त्यांतलाच. पावसाळ्यात रात्री रुळांवर गस्त घालण्याचे काम त्याने बरीच वर्षे केले. २००३ साली वैभववाडीजवळ आणि २००४ साली करंजाडीजवळ पावसाळ्यात दरड-दगडांमुळे मोठे अपघात झाले. त्यानंतर पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी ठेवणे आणि गस्त वाढवणे याला किती महत्त्व आले, ते त्याच्याकडून ऐकावे.

भातखाचरे दुभंगली त्यांची मात्र भरपाई कोणत्याही तक्त्यात बसत नाही. खाचराचा एक तुकडा रुळाच्या अलीकडे आणि एक पलीकडे राहिला की जोत फिरवणे जड जाते. पलीकडचा तुकडा आधी पडीक पडला, मग हळूहळू अलीकडचाही.

काय मिळाले

आता मिळकतीची बाजू. मुंबई–चिपळूण प्रवास पाच-सहा तासांचा झाला आणि तोही न मळमळता. याचा अर्थ पैशात काय, ते मला बँकेच्या काउंटरवरून दिसले.

पूर्वी चाकरमानी वर्षातून दोनदा येई, गणपतीला आणि शिमग्याला. आता दोन-तीन महिन्यांनी एक फेरी होऊ लागली. पैसा पोस्टातून येण्याऐवजी माणसाच्या खिशातून येऊ लागला आणि खर्चही इथेच होऊ लागला. घरदुरुस्तीची कर्जे वाढली. कौले गेली, स्लॅब आले. चिरेखाणवाला, गवंडी, सुतार, वायरमन यांना बारमाही काम मिळू लागले. स्थानक गावाबाहेर वालोपे इथे असल्यामुळे रिक्षांची कर्जे निघाली. गुहागर, हेदवी, वेळणेश्वर या बाजूला निवास-न्याहारीच्या खोल्या उभ्या राहिल्या. ज्या घरात पूर्वी म्हातारा-म्हातारी दोघेच असत, तिथे सुट्टीत पर्यटक राहू लागले.

आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीने आमसुले, कुळथाचे पीठ, फणसपोळी आणि कोकम आगळ घरी करून विकायला सुरुवात केली ती याच काळात. तिचा माल दुकानातून जात नाही. ओळखीचे कोणी ना कोणी दर आठवड्याला मुंबईला जाते, त्याच्या पिशवीतून जातो. तिने एकदा मला हिशेब दाखवला तेव्हा मी चाट पडलो. रेल्वेच्या मालवाहतुकीच्या कोणत्याही नोंदीत हा धंदा सापडणार नाही, पण तिच्या दोन्ही मुलांची शिक्षणे त्यावर झाली.

आणि आजारपण. पूर्वी मुंबईला केईएम किंवा टाटा रुग्णालयात दाखवायचे म्हणजे रात्रभर रुग्णाला एसटीत बसवायचे. 'झेपायचं नाही' म्हणून किती जणांनी उपचारच सोडले असतील! आता रुग्ण झोपून जाऊ शकतो. याची किंमत रुपयांत मांडता येत नाही, म्हणून ती विसरली जाते.

काय गेले

आता दुसऱ्या तटाची बाजू, आणि ती नुसत्या भावनेची नाही. जनगणनेचे आकडे पाहा.

२००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ साली ती १६,१५,०६९ झाली. सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली. त्या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना मुंबई शहर जिल्हा सोडला तर फक्त हेच दोन जिल्हे घटले. कोकण रेल्वे पूर्ण क्षमतेने धावू लागल्यानंतरचे हे पहिले संपूर्ण दशक आहे.

आणखी एक आकडा याहून बोलका आहे. रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे २००१ साली १,१३६ स्त्रिया होत्या, २०११ साली १,१२२. सिंधुदुर्गात १,०७९ वरून १,०३६. स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त असणे ही मनिऑर्डरीच्या काळाची खूण. पुरुष मुंबईला, बाई घरी. ते प्रमाण उतरू लागले याचा मी लावतो तो अर्थ असा की आता घरचा एकटा कर्ता जात नाही, बिऱ्हाडच जाते. मूल जाते म्हणजे शाळेचा पट जातो. आपल्या शाळेत आपल्या वेळी वर्गात बसायला बाक पुरत नसत. आता तुकडी टिकवण्यासाठी शिक्षकांना पालकांच्या घरी जावे लागते, हे सध्याच्या मुख्याध्यापकांनीच सांगितले.

याचे सगळे खापर रेल्वेवर फोडणे चूक ठरेल. मुलांची संख्या घरोघरी कमी झाली, इंग्रजी शाळा आल्या, शेती परवडेनाशी झाली, मुंबईत चाळीऐवजी डोंबिवली, नालासोपारा, बदलापूरला स्वतःची खोली घेणे जमू लागले. रेल्वे नसती तरी माणसे गेलीच असती, कारण ती दीडशे वर्षे जातच आहेत. पण रेल्वेने जाणे सोपे केले आणि जाऊनही गावाशी जोडलेले राहणे त्याहून सोपे केले. 'गाव कुठे पळतंय, पाच तासांवर तर आहे,' असे म्हणत आपण निघालो. मुंबईकरांचे आणि गावकऱ्यांचे म्हणणे एकाच वेळी खरे आहे ते यामुळे. मुंबईकराला रेल्वेने गाव दिले आणि गावाला माणसाच्या बदल्यात त्याच्या फेऱ्या दिल्या.

आंबा ट्रकने का जातो

मग कारखान्यांचे काय झाले? लोटे-परशुरामची औद्योगिक वसाहत रेल्वेच्या आधीची आहे, ती महामार्गावर उभी राहिली आणि तिचा माल मुख्यतः टँकर-ट्रकनेच जातो. रेल्वेमुळे मोठा कारखाना आपल्या तालुक्यात आला असे मला तरी दाखवता येत नाही.

आंब्याचे उदाहरण जास्त शिकवणारे आहे. १९९० साली, म्हणजे कोकण रेल्वेचे काम सुरू झाले त्याच वर्षी, रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि कोकणात आंबा-काजूची लाखो कलमे लागली. ती धरायला लागली तेव्हा रेल्वेही धावू लागली होती. जोडी जमायला हवी होती. पण हापूसची पेटी आजही प्रामुख्याने रस्त्यानेच वाशीच्या बाजारात जाते. कारण साधे आहे. पेटी संध्याकाळी बागेत भरली जाते, टेम्पो थेट बागेच्या बांधापर्यंत येतो आणि पहाटे माल वाशीला उतरतो. रेल्वेने न्यायची तर बागेतून स्थानकावर, स्थानकावरून डब्यात, मुंबईत डब्यातून पुन्हा टेम्पोत. गाडी थांबणार दोन मिनिटे. प्रत्येक हाताळणीत फळ दबते. बैलगाडी-होडी-गलबत या तीन हाताळण्यांमुळे १८९० साली चिपळूणचा माल रेल्वेने पळवला होता. शंभर वर्षांनी त्याच तीन हाताळण्यांमुळे रेल्वेचा आंबा ट्रकने पळवला.

मुळात हा मार्ग मुंबई आणि मंगळूर जोडण्यासाठी होता. त्याने त्या दोन शहरांमधले रेल्वेचे अंतर ११२७ किलोमीटरने कमी केले. देशाच्या दृष्टीने हा प्रचंड फायदा आहे. १९९९ पासून भरलेले ट्रक रेल्वेवर चढवून कोलाडहून गोव्यातल्या वेर्ण्याला नेण्याची सोय झाली, तीही कल्पक. पण त्या वाघिणींवरचा ट्रक आपल्या गावातून जातो तेव्हा ड्रायव्हर इथे चहालाही उतरत नाही. पुन्हा आपण वाटेवरच आहोत, आणि या वेळी वाटसरू थांबतही नाही.

म्हणून गावाच्या दृष्टीने रुळापेक्षा थांबा मोठा असतो. मुंबई–मडगाव वंदे भारत २०२३ साली सुरू झाली तेव्हा तिला खेडला थांबा मिळाला, रत्नागिरी आणि कणकवलीला मिळाला, चिपळूणला नाही. रूळ तेच, गाडी तीच. ज्याच्याकडे थांबा त्याच्याकडे उतरणारा माणूस, रिक्षा, लॉज आणि जेवणाचे ताट. थांब्यासाठी निवेदने देणाऱ्यांना आपण हसतो. हसू नये. ते बाजाराच्या पोटापाण्याचेच मागत असतात.

कराडची वाट पुन्हा

हे सगळे आत्ता लिहायचे कारण चिपळूण–कराड रेल्वेमार्ग. वर्षानुवर्षे आपण त्याची चर्चा ऐकतो. कधी सर्वेक्षण, कधी करार, मग पुन्हा शांतता. दक्षिणेला वैभववाडी–कोल्हापूर मार्गाचीही मागणी आणि मंजुरी आहे. यांतला कोणताही झाला तरी घाटमाथा आणि समुद्र पुन्हा जोडले जातील, जसे कुंभार्ली घाटाने एकेकाळी जोडले होते. इतिहास वाचलेल्या माणसाला हे नकाशावर पाहून आनंद होतो. माझाही झाला.

पण त्या आनंदात एक प्रश्न विचारायचा राहू नये. तो मार्ग झाला तर चिपळूण स्थानकात चढणार काय? देशावरून साखर आणि धान्य येईल, बंदरातून कोळसा आणि खोके वर जातील. ते आपल्या दारावरून जाईल. १८८० साली निदान त्या मालाला हात लावायला इथला हमाल लागत होता, आता तोही लागणार नाही. आतापर्यंतच्या अनुभवावरून मी एवढेच म्हणू शकतो की रेल्वे गावाला नवे काही देत नाही, गावाजवळ जे पाठवण्यासारखे असते ते ती जास्त वेगाने नेते. माल असला तर माल नेते. माणसेच असली तर माणसे नेते.

तेव्हा मागणी फक्त रुळांची करून भागणार नाही. स्थानकाजवळ शीतगृह, पेट्या सरळ डब्यात चढवता येतील अशी मालधक्क्याची सोय, आंबा-काजू-कोकमावर इथेच प्रक्रिया करणारे छोटे कारखाने, आणि ते चालवायला इथेच राहू इच्छिणारी मुले. हे असले तर तिसऱ्यांदा आलेली रेल्वे आपल्या उपयोगाची. आपल्या तुकडीत निवृत्त अभियंते आहेत, मार्केट यार्डातले व्यापारी आहेत, दोन-तीन बागायतदार आहेत. निवेदनावर सह्या करण्यापेक्षा यांनी एकत्र बसून एक कच्चा हिशेब मांडला, चिपळुणातून वर्षाला खरोखर किती माल निघतो आणि त्यातला किती रेल्वेने जाऊ शकेल, तर ते अधिक उपयोगी ठरेल. बँकेच्या बाजूचे काम मी करीन.

शेवटी एक विनंती. गिरणीची पगाराची पाकिटे, मनिऑर्डरीच्या पावत्या, आगबोटीची तिकिटे, भूसंपादनाच्या नोटिसा, रेल्वेच्या पहिल्या वर्षीची तिकिटे असे जे काही घरच्या ट्रंकेत असेल, ते मेळाव्याला येताना घेऊन या. २०२१ च्या पुरात शहरातली कितीतरी कागदपत्रे वाशिष्ठीने नेली. उरली आहेत ती शाळेच्या ग्रंथालयात एका कपाटात नीट लावून ठेवू. इतिहासाच्या बाई आज आपल्यात आहेत हे आपले भाग्य. कोणता कागद आधीचा आणि कोणता नंतरचा हे लावायला त्याच हव्यात.